सामाईक भिंत

उचगावातील आमच्या जुन्या घराच्या दोनच भिंती आमच्या; पुढची आणि मागची. डावीउजवीकडच्या शेजाऱ्यांशी सामाईक. दोन वर्षांपूर्वी उजवीकडचे घर स्लॅबच्या इमारतीसाठी पाडले गेले, तेव्हा आमच्या भिंतीची दुसरी बाजू आम्ही प्रथमच पाहिली. तिच्यावर त्यांच्या चुलीची काजळी होती, देवळीतला तेलाचा डाग होता, माळ्याच्या तुळयांची भोके होती. ज्या भिंतीला टेकून आम्ही अभ्यास केला, ती पलीकडे कुणाचे तरी स्वयंपाकघर सांभाळत होती.

तेव्हा बाथचे रॉयल क्रेसेंट आठवले. इंग्लंडमधील ही प्रसिद्ध घरांची रांग धाकट्या जॉन वुडने १७६७ ते १७७४ या काळात उभारली. कोरीसारख्या वळणावर ३० घरे, आणि ११४ आयोनिक स्तंभांचा अखंड दर्शनी भाग. पण एकसंध आहे तो दर्शनी भागच; त्यामागचे घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधून घेतले. पुढून महाल वाटणारी रांग मागून पाहावी, तर ना छपरे जुळतात, ना खिडक्या.

आमची गल्ली याच्या नेमकी उलट. पुढून एक दार दुसऱ्यासारखे नाही. आत मात्र सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परडे हाच क्रम. बाथने एकोपा रस्त्याला दाखवला, आमच्या गल्लीने तो आत ठेवला. दोन्हीकडे भार मात्र सामाईक भिंतीवरच.

रांगेतल्या घरांचा तिसरा नमुना आमच्या शेजारच्या वळिवड्यात होता. १९४३ ते १९४८ या काळात तेथे पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. लांबलचक बराकी, आणि त्यांचे कुटुंबागणिक पाडलेले भाग. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. त्या रांगेला मिरवण्याजोगा दर्शनी भाग नव्हता. पण सारे गमावून आलेल्या माणसाला भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज ऐकू येणे, हेही स्थापत्याचेच काम नव्हे काय? दर्शनी भागाचे सौंदर्य मोजणारी आमची समीक्षा या प्रश्नापाशी अडखळते.

आता पाळी आमच्या घराची आहे. भावंडांनी करारावर सह्या केल्या. आमची तेवढी राहिली आहे. परवा डावीकडच्या आजींनी विचारले, "बाळा, तुमचं पाडताना आमची भित्त ऱ्हाईल न्हवं?"

कंत्राटदाराने कागदावर हमी दिली आहे. भिंत बहुधा राहील. आमच्या बाजूची देवळी, उंचीच्या खुणा आणि खुंट्या तेवढ्या उन्हात उघड्या पडतील, आणि आजी त्या पहिल्यांदाच पाहतील. तेवढ्यासाठी सही थांबवणे शहाणपणाचे नाही, हे आम्हांस कळते. तरी कागद अद्याप टेबलावरच आहे.