किमचा दहा नंबर

ह्यूस्टन कॉमेट्सचं नाव निघालं की १९९७ ते २००० ही चार वर्षं आधी सांगितली जातात. अमेरिकेत महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, डब्ल्यूएनबीए, सुरू झाली आणि पहिली चारही विजेतेपदं टेक्सासच्या या एकाच संघानं नेली. सिंथिया कूपर तेव्हा चौतिशीत होती. मायदेशी टिकाऊ लीग नव्हती, म्हणून तिच्या उमेदीची वर्षं स्पेन-इटलीत गेली होती. शेरिल स्वूप्स बाळंतपणानंतर दीड महिन्यात मैदानावर आली. त्या पहिल्या मोसमात या बायका जणू वर्षानुवर्षांचं साचलेलं देणं वसूल करत होत्या.

माझा जीव मात्र गुंततो तो किम पेरोत. उंची जेमतेम साडेपाच फूट. ड्राफ्टमध्ये तिला कुणी निवडलं नव्हतं. चाचणी देऊन ती संघात आली आणि पहिल्या दोन विजेतेपदांत चेंडू खेळवायची जबाबदारी तिची होती. १९९९च्या फेब्रुवारीत तिला फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. १९ ऑगस्टला, बत्तिसाव्या वर्षी, ती गेली.

दोन आठवड्यांनी अंतिम फेरी. तिसरं विजेतेपद दहा नंबरच्या किमसाठी, हा ध्यास अख्ख्या ह्यूस्टनला लागलेला. ४ सप्टेंबरला घरच्या मैदानावर टीना थॉम्पसननं बास्केट केली, ६७-६५. घड्याळात २.४ सेकंद. न्यूयॉर्कच्या तेरेसा वेदरस्पूननं चेंडू हातात घेतला आणि मधल्या रेषेच्या अलीकडूनच भिरकावला. चेंडू फळीवर आपटला नि थेट जाळीत. ६८-६७. त्या घावानंतर शोक करायलाही सवड नव्हती, निर्णायक सामना दुसऱ्याच दिवशी होता. आपलं माणूस गेल्याला तीन आठवडेही झालेले नाहीत, हातातोंडाशी आलेला घास काल गेला, आणि आज पुन्हा बुटांच्या नाड्या बांधायच्या. कॉमेट्स ५९-४७ नं जिंकल्या. चार विजेतेपदांतलं हे मला सर्वांत मोठं वाटतं.

पुढचं सांगताना राग येतो. कूपर निवृत्त झाली, संघ उतरणीला लागला. तसं कुठल्याही संघाचं होतं. पण २००७ मध्ये मालकानं संघ विकला, नव्या मालकालाही तो नकोसा झाला, लीगनं गिऱ्हाईक शोधलं, मिळालं नाही. डिसेंबर २००८ मध्ये लीगच्या इतिहासातला पहिला विजेता संघ बंद झाला आणि खेळाडू इतर संघांत वाटल्या गेल्या. त्या वैभवाच्या काळातल्या स्टेडियममध्ये तर २००५ पासूनच लेकवुड चर्च भरतंय. एवढ्या मोठ्या, एवढ्या श्रीमंत शहरात या संघाला कुणी वाली मिळू नये, हे मला अजून पटत नाही.

टीना थॉम्पसन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कॉमेट्समध्ये होती. पुढे ती लॉस एंजेलिसला, मग सिअ‍ॅटलला खेळली. २०१३ मध्ये ती थांबली तेव्हा १९९७च्या त्या पहिल्या मोसमातली दुसरी कुणीही खेळत नव्हती.