तुम्ही त एकल्याच आल्या

रेडिओवर माणूस नाहीसा करायला फारसं काही लागत नाही. चार संवाद त्याला बोलू दिलं नाही, की तो गेला. खोलीत तिघं बसलेत हे लेखकाला माहीत असतं. ऐकणाऱ्याच्या लेखी जो गप्प आहे तो नसतोच. म्हणून श्रुतिका लिहिताना गप्प पात्राला मधूनमधून खोकायला लावावं लागतं, अडकित्ता वाजवायला लावावा लागतो, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तरी "तुम्ही काहून गप्प?" असं विचारून घ्यावं लागतं. रंगमंचावर नट नुसता उभा राहिला तरी असतो. आमच्याकडे त्याचं असणं दर अर्ध्या मिनिटाला पुन्हा मिळवावं लागतं.

हे ज्याला पुरतं उमगलं होतं, असा लेखक मला जॉन डिक्सन कार वाटतो. बंद खोलीतल्या खुनाच्या कादंबऱ्यांसाठी हा अमेरिकन माणूस प्रसिद्ध. 'द हॉलो मॅन' ही त्याची १९३५ची कादंबरी रहस्यकथांचे वाचक आजही शोधून वाचतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने अमेरिकेच्या सीबीएससाठी आणि बीबीसीसाठीही नभोनाट्यं लिहिली. सीबीएसच्या 'सस्पेन्स' या मालिकेत १९४३ साली त्याचं 'केबिन बी-१३' प्रसारित झालं. अर्ध्या तासाचा खेळ. नवी नवरी नवऱ्याबरोबर जहाजावर चढते आणि थोड्याच वेळात नवराही नाही, त्यांची खोलीही नाही. दहा वर्षांनी, १९५३मध्ये, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने यावरूनच 'डेंजरस क्रॉसिंग' हा सव्वा तासाचा कृष्णधवल चित्रपट काढला. दिग्दर्शक जोसेफ न्यूमन, नायिका जीन क्रेन, आणि जहाजावरच्या डॉक्टरच्या कामात मायकेल रेनी. त्याच कंपनीने त्याच वर्षी काढलेल्या 'टायटॅनिक' चित्रपटाचे सेट यात पुन्हा वापरले आहेत. समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते जिने, गल्ल्या, एकसारखी दारं आणि धुकं.

गोष्ट अशी. रूथ नावाच्या मुलीचे श्रीमंत वडील नुकतेच वारलेत. थोड्या दिवसांच्या ओळखीवर तिने लग्न केलंय आणि मधुचंद्रासाठी दोघं जहाजावर आलेत. नवरा तिला उचलून खोलीत नेतो. मग म्हणतो, मी जरा कचेरीत जाऊन येतो, पंधरा मिनिटांत बारमध्ये भेटू. ती बसून राहते. तो येत नाही. परत येऊन पाहते तर खोलीला कुलूप. तिचं सामान दुसऱ्याच खोलीत, आणि ती खोली तिच्या एकटीच्या, माहेरच्या नावावर. दाराशी भेटलेली नोकरबाई अदबीने सांगते, बाईसाहेब, तुम्ही एकट्याच आलात.

मी हा चित्रपट पाहते तेव्हा त्या एका वाक्यापाशी थांबते. धमकी, किंकाळी, पिस्तूल यांतलं काही तिथे नाही. नोकरीतल्या माणसाने नोकरीच्या आवाजात दिलेलं उत्तर आहे. मग कारकून यादी पाहून तेच सांगतो, कॅप्टन तेच सांगतो. कुणीही तिच्यावर ओरडत नाही. सगळे तिची काळजी घेतात, डॉक्टर झोपेचं औषध देतो, आणि दर काळजीगणिक ती आणखी एकटी पडते. नवरा कुठे गेला, या प्रश्नाचं उत्तर शेवटी अगदी साधं निघतं: तो त्या जहाजावरचाच अधिकारी, आजारी म्हणून आपल्या खोलीत पडून राहिलेला, नोकरबाई त्याला सामील, आणि डोळा तिच्या बापाच्या पैशावर. सत्तर वर्षांपूर्वीचं रहस्य फोडलं म्हणून कुणी रागावू नये. ते फुटल्यावरही चित्रपट तितकाच पकडतो. त्याची ताकद त्या सौम्य नकारांच्या रांगेत आहे.

हा अधिकारी आजारी का दाखवला, यात मला रेडिओच्या लेखकाची खूण दिसते. पहिल्या प्रसंगात ज्याचा आवाज ऐकवला, तो दुसऱ्या नावाने पुन्हा बोलला की ऐकणारा त्याला तत्क्षणी ओळखतो. चेहऱ्याला दाढी लावता येते, आवाजाला लावता येत नाही. निदान ज्याने तो मनापासून ऐकलाय त्याच्यासाठी तरी नाही. तेव्हा तो माणूस असायला हवा, पण बोलायला नको. आजारपणाइतकं सभ्य मौन दुसरं नाही. चित्रपटात नवरा मधूनच तिला जहाजाच्या टेलिफोनवर हलक्या आवाजात सांगतो, कुणावर विश्वास ठेवू नकोस. तिथेही आपल्या हाती फक्त आवाज येतो. आणि सगळ्यावर तो धुक्यातला भोंगा. ठरावीक अंतराने वाजणारा. पहिल्यांदा तो नुसतं वातावरण असतो. तासाभराने आपण पुढच्या भोंग्याची वाट बघू लागतो, आणि मधली शांतता जड होते. ध्वनिपरिणाम कुठे वाजवायचा यापेक्षा कुठे थांबवायचा, हे शिकायचं तर तो भोंगा ऐकावा.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीत राहते. सून म्हणून या गावात आले तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यातच होतो. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ला झाला. घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि नव्या सुनेची नजर खाली. चेहरे पाठ व्हायच्या आधी मला आवाज पाठ झाले. सासऱ्यांच्या चपलेचा एक अंगठा सैल होता. मोठ्या जाऊबाई बोलायच्या आधी बांगड्या मागे सारत. रात्री जागलीला गेलेल्यांचा रेडिओ तुरीच्या वावरातून ऐकू यायचा, आणि वाऱ्याची दिशा बदलली की निवेदकाचं अर्धं वाक्य रानातच राहायचं. नागपूर आकाशवाणी, ५१२.८ मीटर. हे केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांसारखा नाटककार तिथे काम करून गेला. वऱ्हाडातल्या माणसाला नाटक पहिल्यांदा कानानेच भेटलं ते अशा केंद्रांमुळे. मी लिहायला लागले ती त्याच कानाच्या भरवशावर.

मराठीत 'डेंजरस क्रॉसिंग'च्या जातीचं उदाहरण शोधलं तर मला राजा परांजपे यांचा १९६४चा 'पाठलाग' सर्वांत जवळचा वाटतो. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा; राज खोसलांनी दोन वर्षांनी हिंदीत त्याचाच 'मेरा साया' केला. काशिनाथ घाणेकरांनी केलेला वकील, त्याची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते, आणि पुढे पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून म्हणते, मीच तुमची बायको. जहाजावरच्या गोष्टीचा हा उलटा पदर आहे. तिकडे रूथचा नवरा आपण पाहिलेला असतो, म्हणून आपण तिच्या बाजूने साक्षीदार. इकडे बायकोचं मरण आपण पाहिलेलं असतं, म्हणून आपण त्या बाईच्या विरुद्ध बसतो. ती घरातल्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत जाते आणि आपण मात्र डोळ्यांनी पाहिलेलं धरून राहतो. माझ्या मते 'पाठलाग'चं काम जास्त अवघड होतं. प्रेक्षकाला नायिकेवर विश्वास ठेवायला लावणं त्या मानाने सोपं. त्याने स्वतः अविश्वास दाखवला, हे त्याला शेवटी जाणवून देणं फार कठीण. आणि पुन्हा कान: भावना यांनी दुहेरी भूमिका केली, पण त्या बाईचा वावर त्या घरात पसरतो तो आशा भोसले यांच्या आवाजातल्या गाण्यातून. शरीर नाही, गाणं आहे.

माझ्या श्रुतिकेसाठी ही जहाजाची गोष्ट वऱ्हाडात आणायची तर जहाज कुठून आणायचं, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. समुद्र आमच्यापासून पाचेकशे किलोमीटर. पहिल्यांदा साहजिकच शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, किलिक निक्सनची गाडी. कारंजा, दारव्हा तिच्याच वाटेवर. १९९४पर्यंत ती वाफेवर चालली. आवाजाच्या दृष्टीने सोनंच. पण शकुंतलेचा वेग असा होता, की माणूस चालत्या गाडीतून उतरून पाणी पिऊन पुन्हा चढू शकायचा. शेवटी शेवटी तर गार्डच स्टेशनावर उतरून तिकिटं फाडायचा. अशा गाडीतून नवरा नाहीसा झाला तर कुणी दचकणार नाही. पुढच्या डब्यात गप्पा मारत बसला असेल म्हणतील. चहूबाजूंनी पाणी असल्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

मग पाणीच घेतलं. जुलै-ऑगस्टात इकडे झड लागली की नाल्यांना पूर येतो, रपटे बुडतात, एसटी अलीकडेच थांबते. काळ्या मातीत पाय घातला की चप्पल आतच राहते. दोन दिवस अख्खं गाव बेट होतं. तेवढे दोन दिवस मला पुरेसे होते. गावाबाहेरची एक धर्मशाळा घेतली, काळ १९६०च्या आसपासचा, देवदर्शनाला निघालेलं नवं जोडपं. नवरा नोंदवहीत नाव लिहितो. म्हणतो, तू बस, मी घागर भरून आणतो. पुढे पाऊस. जहाजाची प्रवासी यादी म्हणजे आमची ती लाल कापडात बांधलेली वही. सकाळी मुनीम ती उघडतो, बोट फिरवतो, आणि म्हणतो, "तुम्ही त एकल्याच आल्या वो बाई. हे पाहा, नाव बी तुमचंच हाये. माहेरचं."

या वाक्यावर ध्वनिमुद्रणाच्या दिवशी बराच वेळ गेला. मुनीमाचं काम करणारे काका मुरलेले नट, नाटकात खलनायकीचे. त्यांनी पहिल्यांदा वाक्य म्हटलं त्यात 'एकल्याच'वर किंचित दाब होता, आणि त्या दाबातून माणूस खोटं बोलतोय हे बाहेर आलं. मी म्हटलं, काका, तुम्हाला या बाईची कीव येतेय, आणि तुमचा चहा निवतोय, दोन्ही एकदम. त्यांनी स्वतःला मायक्रोफोनपासून अर्धा हात मागे घेतलं, वहीची दोन पानं खरोखरच उलटली, आणि पुढचं वाक्य म्हणताना मान पानावरच ठेवली. आवाज मायक्रोफोनवरून तिरपा गेला. 'हे पाहा' म्हणताना तो आमच्याकडे वळला. तेवढ्यात ते झालं. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने हात वर केला. नायिकेचं काम करणारी मुलगी मला नंतर म्हणाली, मॅडम, मला क्षणभर वाटलं आपणच चुकलो.

पाण्याचा आवाज मी भोंग्याच्या जागी वापरला. पूर म्हटलं की सरसकट खळखळाट लावून देतात आणि पाच मिनिटांत ऐकणाऱ्याचा कान तो पुसून टाकतो. मी धर्मशाळेच्या दाराला अडसर लिहिला. दार उघडलं की पूर ऐकू येतो, लावलं की येत नाही. स्टुडिओत यासाठी चौकटीत बसवलेलं लहान लाकडी दार असतं, त्याला कडी-कोयंडा सगळं. प्रत्येक माणूस बाईला 'नाही' म्हणून बाहेर जातो तेव्हा दार उघडतं, पूर आत येतो, दार लागतं. पाण्याची पातळी मी कुठेही शब्दात सांगितली नाही. दर वेळी आवाज थोडा जवळ आणला.

जहाजावर रूथला वेडी ठरवायला डॉक्टर लागतो. आमच्याकडे तेवढंही लागत नाही. "बाहेरचं झालं असन", "रातच्या पावसात भेली" एवढ्यावर भागतं, आणि मग कुणी लिंबू आणतं, कुणी अंगारा. हे प्रसंग लिहिताना मी भगत आणला नाही. भगत आला की ऐकणारा लगेच शहाणा होतो, अंधश्रद्धा आहे म्हणून बाजूला सरतो. मला ऐकणारा त्या मायाळू बायकांतच बसलेला हवा होता, ज्या तिच्या डोक्याला तेल चोळताना म्हणतात, "पोरी, लगन झालंच नसन तुहं. घरी कोन कोन हाये तुह्या?" मी स्वतः अशा हातांनी चोळलेलं तेल ओळखते. त्यात खरी माया असते. आणि त्या मायेपुढे आपलं म्हणणं लावून धरायला जी ताकद लागते, ती मला कोणत्याही रहस्यकथेतल्या तपासापेक्षा मोठी वाटते.

रूथच्या डॉक्टरचं तेवढं मला मान्य आहे, की तो पुराव्याआधी थोडासा विश्वास टाकतो आणि मग पुरावा शोधतो. पुराव्यानंतर विश्वास ठेवणारे पुष्कळ असतात. माझ्या श्रुतिकेत हे काम मी धर्मशाळेत भांडी घासणाऱ्या मावशीला दिलं. तिने नवऱ्याला पाहिलेलं नाही. रात्री भिंतीपलीकडे दोघांचं बोलणं तिने ऐकलेलं आहे. "मानसाचा आवाज होता जी. हासला बी होता." मुनीम म्हणतो, तुले काय समजते. वहीत जे लिहिलंय त्यापुढे तिच्या कानाला कोण विचारतो? पण श्रोत्यांनीही तेच हसणं ऐकलेलं असतं, आणि तेही नुसतं ऐकलेलंच असतं. ज्या बाईकडे धर्मशाळेत कुणी वळून बघत नाही, तिच्याइतकाच पुरावा त्यांच्याकडेही असतो.

तिचा प्रसंग कुठे ठेवायचा यावरून वाद झाला. निर्मात्यांचं म्हणणं, साक्ष शेवटी आली तर उत्कंठा ताणलेली राहील. मी तो मध्यावर, सतराव्या मिनिटाला ठेवायचा हट्ट धरला. तो तसाच राहिला. पुढची तेरा मिनिटं दोघी मिळून नवऱ्याला शोधतात, आणि आता बाहेरून 'नाही' आलं की आतून दोन आवाज उत्तर देतात. दोन आवाज एकत्र वाजायला लागले की मी पुराचा आवाज तिथेच धरून ठेवला. दार उघडलं तरी तो आणखी जवळ येऊ दिला नाही.