केराचा आठवडा

परदेशात शिकून आलेल्या मुलीकडून लोकांना काय ऐकायचे असते, ते मला आता पाठ झाले आहे. बर्फ कसा पडतो, गाड्या मिनिटाच्या ठोक्याला कशा सुटतात, रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा कसा दिसत नाही. मीही गेली दहा वर्षे हेच सांगत आले. तो कपटा उचलतो कोण, हे कुणी विचारले नाही आणि मीही कधी सांगितले नाही. आज सांगते.

२०१४ च्या ऑक्टोबरात मी जर्मनीतल्या ट्युबिंगेनला पोहोचले तेव्हा २३ वर्षांची होते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होते आणि दोन सत्रे तिकडे साहित्याचा अभ्यास करण्याची संधी मिळाली होती. ट्युबिंगेन हे श्टुटगार्टच्या दक्षिणेला, नेकार नदीकाठचे जुने गाव. वस्ती ८५ हजारांच्या आसपास आणि त्यात २५ हजारांहून अधिक विद्यार्थी. विद्यापीठाची फी तेव्हा नव्हती. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरोंची फी लागू झाली ती २०१७ च्या हिवाळी सत्रापासून. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे सुमारे आठ हजार युरो जर्मन बँकेतल्या बंद खात्यात आधीच भरावे लागले. त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून सहा लाखांवर रुपये काढून दिले आणि विमानतळावर एवढेच म्हणाले, "अभ्यास कर. बाकी काही करू नकोस."

मला एका जुन्या चार मजली घरात तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. स्वयंपाकघर आणखी दोन मुलींबरोबर सामाईक. दिवस हळूहळू बसत गेले. रविवारी सगळी दुकाने बंद, त्यामुळे शनिवारी दूध आणायला विसरले की सोमवारपर्यंत कोरा चहा. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकली की २५ सेंट मिळत, म्हणून मी बाटल्या आपल्याकडच्या रद्दीसारख्या साठवू लागले. विद्यापीठाच्या खाणावळीत मसुरासारखी आमटी आणि त्यात जाड शेवया असा प्रकार मिळे. वरचा सॉसेज बाजूला ठेवला आणि घरून आणलेले तिखट भुरभुरले की डोळे मिटून खाता येई. भाषा येत होती म्हणून मी निर्धास्त होते, पण त्या भागातली श्वाबी बोली पहिले दोन महिने कानावरून नुसती वाहून गेली.

त्यात दिवाळीच्या आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेले. पाटीवर शब्द होता, केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा आणि केर म्हणजे, विश्वास ठेवा, केरच. म्हणजे झाडणे. हा निव्वळ योगायोग असला तरी त्या क्षणी मला घरचेच कुणी हाक मारल्यासारखे झाले. त्या भागात घरातल्या भाडेकरूंनी पाळीपाळीने जिना झाडून पुसायचा असतो. आपली पाळी झाली की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. ही शिस्त पंधराव्या शतकातली. व्युर्टेम्बर्गच्या एबरहार्ड नावाच्या ज्या उमरावाने १४७७ साली ट्युबिंगेनचे विद्यापीठ काढले, त्याच्याच १४९२ च्या श्टुटगार्टच्या नियमांपर्यंत तिचे मूळ नेऊन भिडवतात. आपली घाण आपण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी, असा तो हुकूम होता.

मी शनिवारी उत्साहाने बादली भरली. दिवाळीची घरधुणी माझ्या डोळ्यांसमोर होती, म्हणून साबणाचे पाणी सढळ हाताने ओतले. शिवाय सुरुवात केली तळापासून, वर वर चढत. जिना होता लाकडी. पाणी पायऱ्यांच्या फटींतून ठिबकत तळमजल्यावरच्या आजींच्या दारात पोहोचले. आजी बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे, बादलीकडे आणि जिन्याकडे पाहिले आणि खऱ्या कुतूहलाने विचारले, "तुम्ही हे याआधी कधी केलंच नाही का?"

मी २३ वर्षांची, घरात सगळ्यांत हुशार म्हणून नावाजलेली. जिना वरून खाली झाडायचा असतो, हे मला माहीत नव्हते. त्याच सुमारास घरी लक्ष्मीपूजनाला आईने नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले होते. तिचा फोटोही मला आला होता. त्या केरसुणीने मी आयुष्यात एकदाही केर काढला नव्हता. मी सहा वर्षांची असल्यापासून सहकारनगरच्या आमच्या घरी ते काम मावशी करीत.

पुढच्या महिन्यात मी कामाला लागले. परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवस काम करण्याची मुभा होती. (२०२४ पासून ती १४० आणि २८० झाली.) पैसे अगदी पुरत नव्हते असे नाही. पण मला बर्लिन बघायचे होते, चांगले बूट हवे होते आणि त्यासाठी बाबांपुढे हात पसरायचा नव्हता. गावातल्या नऊ खोल्यांच्या एका छोट्या लॉजमध्ये आठवड्यातून तीन सकाळी चादरी बदलणे, लादी पुसणे आणि नऊ न्हाणीघरे, संडासांसकट, धुणे असे काम होते. सुरुवातीला तासाला साडेसात युरो. १ जानेवारी २०१५ पासून जर्मनीत पहिल्यांदाच देशभर किमान वेतनाचा कायदा आला आणि मला साडेआठ मिळू लागले. त्या महिन्यात पाकीट उघडून मी दोनदा मोजले.

घरी सांगितले, लायब्ररीत काम मिळाले. पुस्तके जागेवर लावते.

एकदा बोललेले खोटे पोसावे लागते. आईने ते सोसायटीभर केले. कोणती पुस्तके, कपाटे किती उंच, शिडी असते का, असे प्रश्न येऊ लागले आणि मी रात्री अंथरुणात पडून त्या लायब्ररीला मजले बांधू लागले. खोटे बोलण्याचे दुःख फारसे नव्हते. लाज मात्र होती, आणि ती खोट्याची नव्हती, कामाची होती. हे लिहिताना आजही बरे वाटत नाही. कॉलेजात असताना श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून मी बक्षीस मिळवले होते.

नोव्हेंबरात एकदा सकाळी सातला घरी फोन लावला. पुण्यात साडेअकरा. फोन मावशींनी उचलला.

"वहिनी बँकेत गेल्यात, साहेब अंघोळीला. बोल गं, कशी आहेस?"

त्या मला लहानपणापासून अगंतुगं करीत. काय झाले कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेले, "मावशी, लादी पुसताना कंबर फार दुखते. काय करायचं?"

"कुणाची लादी?"

"इथली. लॉजमधली. मी कामाला जाते."

पलीकडे काही क्षण काहीच आवाज नाही. आता हसतील किंवा हळहळतील, असे मला वाटले. पण त्या एकदम कामाच्या गोष्टीवर आल्या. "उभ्यानं वाकून पुसतेस ना? तसं नाही. उकिडवी बस आणि मागं मागं सरक. फडकं घट्ट पीळ, पाणी फडक्यात राहिलं पाहिजे, लादीवर नाही. आणि संडासात औषध टाकून लगेच घासायला जाऊ नको. आधी खोल्या उरक, तोवर ते आपोआप भिजतं." मग थोडे थांबून, "वहिनींना ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मलाही ठाऊक नाही."

त्यानंतर मी मुद्दाम आई घरी नसताना फोन करू लागले. मावशींकडे एवढी विद्या आहे, हे मला १७ वर्षांत कळले नव्हते. चादरीवरचा चहाचा डाग, आरशावरचे ओघळ, नळाच्या बुडाशी साचणारा पांढरा थर, प्रत्येकावर त्यांच्याकडे उपाय होता. तिकडे वर्गात प्राध्यापक टेबलाभोवती बसवून प्रत्येकाला "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारीत आणि माझी बोबडी वळे. मला जे वाटायचे ते नेहमी कुठल्या तरी पुस्तकात आधीच लिहिलेले असे. आठवड्यातून तीन सकाळी मात्र मी कुणाचेही मत न घेता नऊ खोल्या लख्ख करीत होते. अभ्यासही पुढे झाला, निबंधही लिहिले, बरे गुण मिळाले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे काही नाही.

लॉजच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. काम संपले की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघी कॉफी आणि ब्रेट्सेल घेत बसत असू. पगार त्या देत आणि तरी शेवटपर्यंत मला 'तुम्ही' म्हणत. फेब्रुवारीतली गोष्ट. त्यांनी विचारले, "तुमच्या घरी साफसफाई कोण करतं?"

मी म्हटले, "एक बाई येतात, १७ वर्षं झाली. घरच्यासारख्याच आहेत."

"नाव काय त्यांचं?"

"मावशी."

"म्हणजे काय?"

"आईची बहीण."

बाईंचा हात ब्रेट्सेलवर थांबला. "तुमच्या आईची सख्खी बहीण तुमचे संडास धुते?"

मी घाईघाईने खुलासा केला. नाही, खरी बहीण नव्हे, आम्ही आदराने तसे म्हणतो, आमच्याकडे पद्धत आहे. त्या मान हलवीत ऐकत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि खरं नाव?"

मला येत नव्हते.

समोर माझी कॉफी होती, बाईंच्या सेटमधल्याच निळ्या काठाच्या कपात. आणि मला आमच्या स्वयंपाकघरातली खिडकी दिसायला लागली. तिच्या कट्ट्यावर एक कप कायम पालथा असे. कान तुटलेला, फुले पुसट झालेला. तो मावशींचा. चहा प्यायल्या की त्याच तो विसळून तिथे पालथा घालीत. घरात कुणी कधी तसा नियम सांगितला नव्हता. पण पाहुणे कितीही आले, कप कितीही कमी पडले, तरी त्या कपाला कुणी हात लावत नसे. मीही लावला नव्हता.

पुढच्या फोनवर मी विचारले, "मावशी, तुमचं नाव काय हो?"

त्या इतक्या हसल्या की बाबांनी आतून "काय झालं?" म्हणून विचारले. "कुठलं सांगू? माहेरचं की सासरचं?"

दोन्ही सांगितली. माहेरचे नाव उच्चारताना जरा अडखळल्या. त्या नावाने हाक मारणारे आता कुणी उरले नाही, म्हणाल्या. ती नावे मी इथे देत नाही. छापायचे नाही, असे त्यांनी बजावले होते.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, मी परत आले. पहिल्या रविवारीच आईला सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि मग म्हणाली, "सहा लाख भरून तू तिकडे लोकांचे संडास धुतलेस?" आणि दोन दिवस बोलली नाही. बाबा मात्र संध्याकाळी गच्चीत येऊन हळूच म्हणाले, "जेवायला तरी वेळेवर मिळत होतं ना?" आईचा राग कशावर होता ते मला नीट कळले नाही. खोट्यावर, की सोसायटीत आता काय सांगायचे यावर? "यात वाईट काय आहे?" असे मी तावातावाने म्हटले तेव्हा ती म्हणाली, "वाईट नसतं तर तू लपवलं कशाला?" त्यावर मला उत्तर नव्हते. आजही नाही.

मावशींना सगळे आधीच ठाऊक असल्याने त्यांनी फार विचारले नाही. एका दुपारी मी त्यांच्यासाठी चहा केला तेव्हा भिंतीला टेकून बसता बसता म्हणाल्या, "ती तुझी बाई चहा द्यायची का गं?"

"कॉफी द्यायची. रोज."

"कशात?"

प्रश्न मला लगेच समजला. "त्यांच्याच कपात. टेबलाशी बसून."

"हं," मावशी म्हणाल्या.

मी आमच्या सेटमधला कप काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला, उठल्या, खिडकीतला आपला कप सुलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "त्यातच ओत. तुमचे कप लहान. यात जास्त मावतो." मी आग्रह केला तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी ओतला.

पुढे मी पत्रकारितेची पदविका घेतली आणि नोकरीला लागले. मावशी २०१९ पर्यंत आमच्याकडे येत होत्या. मग गुडघे थकले आणि मुलाकडे राहायला गेल्या. त्या आठवड्यात एकदा घरी कुणी नसताना मी खिडकीतला तो कप उचलला, पाण्याने काठोकाठ भरला आणि ते पाणी आमच्या सेटमधल्या एका कपात ओतले. बरोबर काठापर्यंत आले. एक थेंब इकडे नाही, की तिकडे नाही.