अधांतरी पाऊल

मोतीच्या गुडघ्यावरील शस्त्रक्रियेस आज सहा दिवस झाले. मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी दर किलो वजनास ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज एकदाच ०.१, तेही अन्नासोबत, आणि उलटी, काळी विष्ठा किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही दिसताच औषध थांबवून कळवावयाचे, ही पशुवैद्यांची ताकीद मी अक्षरशः पाळतो. आधी यकृत व मूत्रपिंडासाठी रक्त तपासले, तेव्हा ती खबरदारी मला अनाठायी वाटली होती. काल रात्री तो कण्हला आणि करुणेच्या भरात माझा हात घरातल्या आयब्युप्रोफेनकडे, माणसाला निरुपद्रवी भासणाऱ्या पण कुत्र्याच्या जठर-मूत्रपिंडांस घातक अशा त्या गोळीकडे गेला, आणि थबकला. पहाटे तो उंबरठ्यापाशी आला. दुखरे पाऊल त्याने उचलले, टेकवले नाही, कितीतरी वेळ तसेच अधांतरी धरले.