करी करी नडुवे

१९९८ साली वडील निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून घरात संगणक आणायचे ठरले. तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा, यावर शहापुरातल्या आमच्या घरी आठ दिवस खल चालला. शेवटी वडीलच म्हणाले, "सदरा उसवला तर शिंपी गल्लीत आहे. कंपनीचा माणूस हुबळीहून कधी येणार?"

भाग आले: पेंटियमचा बोर्ड, ३२ एमबी मेमरी, ४.३ जीबीची डिस्क. मदतीला शेजारचा कन्नड मुलगा. बोर्डाला वीज देणारी जोडणी त्या काळी दोन तुकड्यांत असे. अदलाबदल झाली की बोर्ड जळालाच. माझे हात थरथरू लागले. तो म्हणाला, "करी करी नडुवे, अण्णा." काळ्या तारा मध्ये, एकमेकींशेजारी.

बटण दाबले. पडदा काळाच, नुसते पीं पीं. वडिलांचा चेहरा उतरला. फंडाचे पैसे होते ते! पोराने मेमरीची पट्टी काढली, तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने पुसली, पुन्हा बसवली. पडद्यावर आकडे धावू लागले.

आज वडील नाहीत. माझ्या मुलाचा लॅपटॉप तयार घेतलेला, वजनाला हलका, देखणा, तक्रार नाही. परवा त्याची मेमरी अपुरी पडली. उघडून पाहिले, तर ती बोर्डालाच डाख देऊन चिकटवलेली.

खोडरबर हातातच राहिला.