आखूड अँटेना

माल घेताना व्यापारी वजन-माप पारखून घेतो. मोटारीची मोडलेली अँटेना बदलताना मात्र तो बहुधा रूपच पाहतो. बोटभर अँटेना देखणी दिसते, गाडी धुताना अडकत नाही. परंतु लहरींनाही माप असते. 100 मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी 3 मीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे 75 सेंटिमीटरची दांडी ती लहर उत्तम टिपते. आखूड दांडीत तार गुंडाळून ही उणीव काही अंशीच भरून निघते. शहरात केंद्र जवळ असल्याने फरक जाणवत नाही. घाट लागताच खरखर सुरू होते. मध्यम लहरींचे ग्रहणही दुबळे होते. पावसाळी रात्री मोबाइलची रेंज गेली, की पुढच्या वाटेची वार्ता कळण्यास पुष्कळदा रेडिओच उरतो. बुडाशी गंज असून अर्थिंग नीट बसले नाही, तर लांब दांडीही व्यर्थ ठरते. पाणी गाळून पिणाऱ्या घराला विवेक शिकवावा लागत नाही. तोच येथे वापरावा. मूळ दांडीएवढी लांबी मागावी, बूड घासून स्वच्छ करावे आणि दूरचे केंद्र लावून ऐकल्यावरच पैसे मोजावेत.