पाणी सोडलेल्या बायका

आपल्याकडे बायका पाणी सोडतात ते दोन कारणांनी. एक पर्वाचं, उपवासाचं; ते चारचौघांत सांगता येतं. दुसरं कुणी बोलत नाही. लग्नाला जायचंय, विधानाला बसायचंय, एसटीनं निघायचंय, की सकाळपासून घसा कोरडा. "नको गं, मग सारखं जावं लागतं."

मुंबईच्या बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणत मुताऱ्यांसाठी चळवळ केली. आमच्या जोयड्यातून कारवारला जायचं म्हणजे अणशीचा घाट, काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. पुरुष गाडीमागं जाऊन येतात. आम्ही गुडघे आवळून बसायचं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तर कारवारच सोडलं, लेक तिथं दिलेली असून. आधी गुडघ्यांचं निमित्त, मग उन्हाचं. एकदा भांडी पुसताना, माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "शिंक आली तरी लुगडं भिजतंय. सामायिकाला ४८ मिनिटं बसू कशी? थेंब गेला तर शुद्धी कुठली?" म्हणून मंदिरही सुटलं होतं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मुनींच्या पाच समित्यांत मलमूत्र कुठं, कसं टाकावं याचीसुद्धा एक आहे, उत्सर्ग समिती. शास्त्राला बोलायची लाज नाही, आपल्यालाच.

डॉक्टरीणबाईंनी नीट उलगडून सांगितलं. खोकताना, हसताना, कळशी उचलताना थेंब जातो तो एक प्रकार. बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मोरीची कडी काढेपर्यंत धीर निघत नाही, तो दुसरा. जाऊबाईंना दोन्ही! साखर आणि लघवी तपासली. बद्धकोष्ठ, जुना खोकला यांनीही हे वाढतं. आणि पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते, उन्हाळी लागते, घाई आणखी वाढते. म्हणजे ज्याला आपण उपाय समजतो तेच दुखणं. लघवीत रक्त दिसलं किंवा जळजळीबरोबर ताप आला, तर मात्र घरच्या धने-जिऱ्यावर थांबायचं नाही.

व्यायाम फुकटचा आहे. अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये तो मांडला. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. तांदूळ निवडता निवडता होतो, शेजारणीला कळतसुद्धा नाही. फरक पडायला तीनेक महिने लागतात आणि तिथंच बायका कंटाळतात.

जाऊबाई कंटाळल्या नाहीत. चहा चाराचा दोनवर आणला, पाणी दिवसाउजेडी थोडं थोडं पिऊ लागल्या. शिंकेचं बरंच थांबलंय. घाई अजून आहे. त्यासाठी गोळी चालू केलीय.

परवा धाकटी सून बाळंत होऊन घरी आली. तेल लावणारी बाई बसलेली असतानाच जाऊबाईंनी तिला विचारलं, "शिंकताना थेंब जातो का गं?"